आर्लिसच्या तीन चिठ्ठ्या

आर्लिस रूल्फ्स आयोवा राज्यातल्या ड्रेंथ गावच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती, आणि त्या एकतीस वर्षांत तिने एकाही पोराला दुसऱ्यांदा मॅकरोनी वाढली नाही. एका ताटाला एक पळी. डॉक्टरच्या पोराला एक, डुकरांच्या गोठ्यावर राबणाऱ्या माणसाच्या पोराला एक. स्वतःच्या पोरीला, रोशेलला, तर कधीकधी पळीला थोडी कमीच, उगाच कुणी बोलायला नको म्हणून. रोशेल ताट घेऊन पुढे सरकायची आणि मागे वळून बघायचीही नाही. पोरगी समजूतदार आहे, असं आर्लिस सगळ्यांना सांगायची.

गावात तिच्याबद्दल माया कमी आणि धाक जास्त होता. चर्चच्या तळघरात जेवण असलं की हॅमचे पाव किती लागतील ते तिला विचारल्याशिवाय कुणी एक पाव कापत नसे. बोलण्यात गोडवा नाही, पण शब्दाची पक्की, असं तिच्याबद्दल म्हणायचे. आमच्याकडे एखाद्या बाईबद्दल याहून जास्त चांगलं बोलायची पद्धत नाही.

नवरा मर्ल मात्र मऊ माणूस. मका, सोयाबीन आणि मोजकी गुरं, एवढ्यात आयुष्य काढलं. आमच्या चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की बाकाबाकावरून पेपरमिंटच्या गोळ्या फिरतात. पाळकांनी विषय सांगितला की पहिली, आणि ते तिसऱ्या मुद्द्यावर आले की दुसरी. हा नियम कुठे लिहिलेला नाही, तरी सगळं गाव पाळतं. मर्लच्या कोटाचा उजवा खिसा कायम या गोळ्यांनी फुगलेला असायचा, आणि पुढच्या बाकावरचं एखादं पोर मागे वळून बघत असलं, तर तो पहिल्या मुद्द्यालाच दुसरी गोळी सरकवायचा. आर्लिस त्याला कोपर मारायची.

एकोणीस वर्षांपूर्वी या घरावर जे आलं ते साधंच होतं, सगळीकडे घडतं तसं. रोशेलने नवऱ्याला सोडलं. नवरा गावातल्याच चांगल्या घरातला. त्याने दोनदा तिच्यावर हात उचलला होता, पण मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नियमात घटस्फोटाला जी कारणं चालत होती त्यांत हात उचलणं बसत नव्हतं. चर्चच्या पंचांनी तिला परत जायला सांगितलं. ती परत गेली नाही, तासाभरावरच्या सू फॉल्स शहरात गेली, आणि वर्ष सरायच्या आत कर्ट नावाच्या एका ट्रक ड्रायव्हरशी तिने लग्न ठरवलं. तोही घटस्फोटित. मंडळीने ठराव केला: पश्चात्ताप करीपर्यंत रोशेलला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर आणि द्राक्षरस, नाही.

आमच्यात दरवर्षी जानेवारीत मंडळीचे दोन पंच घरोघर भेटीला येतात. कॉफी होते, प्रार्थना होते, आणि एक ठरलेला प्रश्न होतो: या घराचा देवाशी आणि शेजाऱ्याशी समेट आहे ना? त्या वर्षी रूल्फ्सांकडे हार्लन वीर्स्मा आला. हार्लन आर्लिसच्या वर्गातला, दुसरीपासूनचा. त्याने प्रश्न विचारलाच नाही. कपातली कॉफी ढवळत म्हणाला,

"आर्लिस, तुझ्या पोटात तुटतंय ते दिसतंय मला. मला काय पोरी नाहीत? पण तू त्या लग्नात जाऊन बसलीस, तर मंडळीने शिक्का मारल्यासारखं होईल. आज तुझ्या पोरीला सूट दिली, तर उद्या दुसऱ्याच्या पोरीला कुठल्या तोंडाने अडवू?"

मर्ल म्हणाला, "नुसतं जाऊन केक खाऊन आलो तर?"

"मर्ल, गप्प बस," आर्लिस म्हणाली.

कारण हार्लनचं म्हणणं तिला समजलं होतं. एका ताटाला एक पळी. हे तिला दुसऱ्याने समजावून सांगायची गरज नव्हती. तिने त्याच दिवशी रोशेलला फोन केला. "तू पश्चात्ताप कर, मी त्याच दिवशी गाडी काढते."

"कशाचा पश्चात्ताप करू, आई?" रोशेल म्हणाली. "मार खाल्ला त्याचा, की खायचा थांबवला त्याचा?"

आर्लिस लग्नाला गेली नाही. पुढे नातीचा जन्म झाला, तेव्हाही गेली नाही. नाताळच्या कार्डातून कळलं की तिचं नाव ब्रिन. मर्ल महिन्यातून एकदा ट्रॅक्टरचे सुटे भाग आणायला सू फॉल्सला जायचा. एका ट्रॅक्टरला इतके भाग लागत नाहीत हे शेतकऱ्याच्या बायकोला न कळायला ती काही वेडी नव्हती, पण तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खरं बोलला असता, आणि मग तिला ते पंचांना सांगावं लागलं असतं. सहा वर्षांपूर्वी मर्ल गेला. अंत्यविधीला रोशेल एकटीच आली, सगळ्यात मागच्या बाकावर बसली, आणि तळघरातल्या जेवणाला न थांबता निघून गेली. आर्लिस दारापर्यंत गेली होती. गाडी वळलेली दिसली.

हे सगळं ती एका आधारावर निभावून नेत होती: मी एकटीने हे केलेलं नाही. सगळी मंडळी हा नियम पाळते, माझ्याबरोबर पाळते. रविवारी बाकावर बसली की दोन्ही बाजूंना पाठ ताठ ठेवून बसलेली माणसं दिसायची, आणि तिला वाटायचं, यांच्यासाठीही हे इतकंच जड असणार. तिला खरंच तसं वाटायचं. तिच्या या भाबडेपणाचा मला राग येतो, पण तो होता.

तर यंदाची गोष्ट. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं हे ठरवायला आमच्याकडे गावोगाव बैठक भरते, तिला कॉकस म्हणतात. आयोवाची पाळी सगळ्या देशात पहिली, त्यामुळे चार वर्षांतून एकदा मोठमोठी माणसं आमच्या तळघरात येऊन आमची कॉफी तारीफ करत पितात. एल्डन प्रूइट नावाचा एका लहान राज्याचा माजी गव्हर्नर ऑक्टोबरात आला. अडतीस वर्षं एकच बायको, रविवारच्या शाळेत पोरांना शिकवणारा, आणि बोलायला इतका रटाळ की भाषण संपलं हे त्याला स्वतःच जाहीर करावं लागलं. पण जेवण झाल्यावर तो स्वयंपाकघरात आला, आणि स्वतःचा कप विसळून पालथा घातला. एकतीस वर्षं दुसऱ्यांची ताटं घासलेल्या बाईला आणखी काय हवं? आर्लिसने त्याच दिवशी त्याच्या बाजूने बोलायचं कबूल केलं.

दुसरा होता वेड स्टॅनर्ड. रेडिओवाला. ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये दिवसभर ज्याचा आवाज गुरगुरत असतो तो. तीन लग्नं. दुसऱ्या बायकोला सोडून कचेरीतल्या सेक्रेटरीशी तिसरं, आणि त्यावर रेडिओवर स्वतःच विनोद करणारा. तोंडात शिव्या. चर्चमध्ये कधी जाता असं कुणी विचारलं तर म्हणाला, देवाला माझा फोन नंबर माहीत आहे. आर्लिसला हे ऐकून हसूच आलं. हा इथे काय टिकतो! ड्रेंथमध्ये? जिथे एका पोरीला याहून फार कमी गोष्टीसाठी प्रभुभोजनावरून उठवलं?

पण नोव्हेंबर सरता सरता गावात स्टॅनर्डच्या पाट्या दिसायला लागल्या. पहिली हूकच्या पशुखाद्याच्या दुकानासमोर. मग शेतांच्या कुंपणांवर. आणि नाताळाच्या आधी एक दिवस हार्लन वीर्स्माच्या अंगणात.

तिने गाडी तिथेच थांबवली. हार्लन फावड्याने बर्फ ओढत होता.

"हे काय आहे?" तिने काच खाली करून विचारलं.

"पाटी आहे."

"मला वाचता येतं, हार्लन. ही तुझ्या अंगणात काय करतेय?"

"आर्लिस, तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस." त्याने फावड्यावर हात टेकले. "आपण काय पंच निवडतोय का? आपल्याला बैल हवाय. बैल विकत घेताना तू बघतेस का तो जेवणाआधी प्रार्थना करतो की नाही? कुंपणात कुणी घुसलं तर शिंगावर घेतो का, तेवढं बघायचं."

"आणि तो बैल उद्या आपल्याच पोरांच्या अंगावर गेला म्हणजे?"

"तो आपला बैल असेल," हार्लन म्हणाला आणि पुन्हा बर्फ ओढायला लागला.

घरी येऊन तिने कोटही न काढता वही घेतली आणि प्रूइटला मत देतील अशांची नावं लिहायला बसली. बायकांच्या बुधवारच्या बायबल-अभ्यासाच्या गटात ती धरून बारा जणी होत्या. तीस वर्षांची ओळख. विल्मा डायखाउस तर तिच्या शेजारच्या बाकावरची, मर्ल गेला तेव्हा तीन रात्री तिच्या घरी झोपलेली. बुधवारी तिने सरळ विषय काढला.

"मला आडून बोलता येत नाही. तुम्ही स्टॅनर्डला मत देणार आहात का?"

"शी, शी!" विल्मा म्हणाली. "त्या माणसाचा आवाज आला की मी रेडिओ बंद करते."

"माझा नवरा देईल," दुसरी म्हणाली, "पण चिठ्ठी माझी आहे, ना? ती गुप्त असते."

"तेच म्हणते मी," आर्लिस म्हणाली. "नवऱ्यांसमोर हात वर करायचा नाहीये. कागदावर लिहायचंय. तिथे फक्त देव बघतो."

अकरा माना हलल्या. इथेच तिचं चुकलं. तिला वाटत होतं, लोक चारचौघांत लाजेकाजेस्तव काहीही बोलतील, पण एकटे असले, हातात पेन असलं आणि वर देव बघत असला, की खरं तेच लिहितील. ती स्वतः तशी होती, म्हणून तिला सगळे तसेच वाटले. तिच्या जागी मी असतो, तर अकरामधून निदान सहा तरी वजा केल्या असत्या.

बैठकीच्या सोमवारी पारा शून्याच्या खाली वीस होता. जागा होती शाळेची जेवणाची खोली, आर्लिसची खोली. ज्या खिडकीतून तिने एकतीस वर्षं ताटं सरकवली, तिच्यापुढेच टेबल मांडलं होतं. चौऱ्याऐंशी माणसं पोरांच्या बुटक्या स्टुलांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. आर्लिस आपल्या अकरा जणींच्या रांगेतून फिरली आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक पेपरमिंट ठेवली. मर्लची सवय तिने तेवढ्यापुरती उचलली. सगळ्यांनी हसून घेतली. विल्माने तर तिचा हात दाबला.

पाळकसाहेबांनी सुरुवातीची प्रार्थना केली. कुणाचं नाव घेतलं नाही, पण 'बळकट हात' हे शब्द इतक्या वेळा घेतले की लहान पोरालाही कळावं. मग प्रत्येक उमेदवाराच्या बाजूने दोन-दोन मिनिटं. स्टॅनर्डसाठी हार्लन उठला.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला, आणि सगळे हसले, कारण त्याला येतं. "हा माणूस संत नाही. मला ठाऊक आहे. पण बायबल उघडा, दावीद राजा तरी कुठे संत होता? दुसऱ्याची बायको घेतली, तरी देवाने त्यालाच वापरलं. देव तडा गेलेल्या भांड्यातूनही पाणी पाजतो. आपल्या पोरांना बाहेर काय शिकवतायत ते बघा. आज आपल्याला सभ्य माणूस परवडत नाही."

टाळ्या वाजल्या. पाळकसाहेबांनीही दोन बोटांनी का होईना, वाजवल्या.

आर्लिसकडे कागदावर लिहून आणलेलं होतं: प्रूइटने नेमलेले न्यायाधीश, प्रूइटचे कर. ती उठली, आणि कागद तसाच हातात राहिला.

"दाविदाला तोंडावर खडसावणारा एक संदेष्टा होता," ती म्हणाली. "आणि दावीद रडला होता, जमिनीवर पडून. हा रडलाय का? कुणी ऐकलंय त्याला रडताना?"

तिने कागद घडी करून खिशात टाकला.

"मी जास्त बोलत नाही. या खोलीत तुम्ही सगळे माझ्या हातचं जेवलात. कुणाला मी एक पळी जास्त वाढली का? नाही ना? मग माझं एवढंच म्हणणं आहे. आपण आपल्या पोटच्या पोरांकडून जे मागितलं, ते या माणसाकडूनही मागा. तेवढंच. जास्त नाही."

ती खाली बसली.  ती कुणाच्या पोरीबद्दल बोलत होती हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. ही लाज आहे, असं तिने धरलं, आणि तिच्या मनाला एकोणीस वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

चिठ्ठ्या गोळा झाल्या त्या व्हॅनिला आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत. पशुखाद्याच्या दुकानवाला डॅरिल हूक एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचायचा. स्टॅनर्ड. स्टॅनर्ड. स्टॅनर्ड. सहावी प्रूइट. मग पुन्हा स्टॅनर्ड. आर्लिस मांडीवरच्या कागदावर रेघा मारत होती. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या, आणि प्रूइटच्या दोन. मधूनच आणखी कुणाचंतरी नाव आलं की डॅरिल थोडा थांबायचा आणि तिला वाटायचं, आता येईल. शेवटी बादली उपडी करून डॅरिलने तळ दाखवला.

"स्टॅनर्ड एकाहत्तर," तो म्हणाला. "इतर मिळून दहा. प्रूइट तीन."

तीन. त्यातली एक तिची स्वतःची.

तिने वळून आपल्या रांगेकडे बघितलं. अकरा जणी कोट घालण्यात गुंतल्या होत्या. एवढा वेळ लागणारे कोट नव्हते ते. विल्माच्या गालात अजून पेपरमिंटचा फुगवटा होता.

पुढची गंमत तर आणखी. मंगळवारी सकाळी विल्माचा फोन आला. "आर्लिस, मी प्रूइटलाच दिलं हं. शपथेवर." दुपारी दुसरी केक घेऊन आली. तिनेही प्रूइटला. बुधवारपर्यंत सात जणींनी, दाराशी, फोनवर, किराणा दुकानात, आवाज खाली आणून सांगितलं की त्या तीन चिठ्ठ्यांत एक आपली होती. आर्लिसने कुणालाही खोटं पाडलं नाही. एकतीस वर्षं ताटं मोजलेली बाई ती, तिला दोनात सात बसत नाहीत एवढं कळत होतं. केक तिने डुकरांसाठी शेजाऱ्याला देऊन टाकला.

त्या रात्री तिला पहिल्यांदा वाटलं की आपण एकोणीस वर्षं त्या बाकावर एकट्याच बसलो होतो. इतरांनी नियम पाळलाच नव्हता. त्यांच्यावर पाळायची वेळच आली नव्हती. आणि आली, तेव्हा त्यांना घरी जाऊन विचार करायचीसुद्धा गरज पडली नाही.

गुरुवारी पंचांची घरभेट होती. हार्लन आला, बरोबर नवीन पंच झालेला एक तरुण. आर्लिसने कॉफी ठेवली, बिस्किटं ठेवली. हार्लनने कप हातात घेतला.

"तर आर्लिस. या घराचा देवाशी आणि शेजाऱ्याशी समेट आहे ना?"

"नाही," ती म्हणाली.

तरुण पंचाने कप खाली ठेवला. या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"सोमवारचं मनात धरू नकोस गं," हार्लन म्हणाला.

"सोमवारचं नाही. रोशेलचं. तिच्यावरचा ठराव मागे घ्या."

"हे बघ, ते वेगळं, हे वेगळं. ती मंडळी आहे, हा देश आहे. मंडळीत आपण—"

"तीन बायकांचा माणूस देशाला चालतो, आणि दोन नवऱ्यांची पोरगी मंडळीला चालत नाही?"

"तिने पश्चात्ताप केला तर तिचं स्वागतच आहे."

"त्याने केला का? एकाहत्तर जणांनी विचारलं का त्याला?" तिचा आवाज चढला. ती कधी आवाज चढवत नसे. "तू याच खुर्चीत बसला होतास, हार्लन. तू म्हणालास, एकाला सूट दिली तर दुसऱ्याला कुठल्या तोंडाने अडवू. आता दिलीस ना सूट? मग आता माझ्याबरोबर सू फॉल्सला चल, आणि तिला तुझ्या तोंडाने सांग."

हार्लनने आणखी एक बिस्किट उचललं. मग जे म्हणाला, ते अगदी मऊपणे म्हणाला, समजूत काढावी तसं.

"आर्लिस, ठराव प्रभुभोजनाचा होता. लग्नाला जाऊ नका, पोरीशी बोलू नका, असा ठराव कुठे आहे? मंडळीची वही काढून बघ. आम्ही सल्ला दिला. अशा वेळी देतात तसा. माझ्या बहिणीच्या पोरानेही घटस्फोट घेतला, ती जातेच की त्याच्याकडे, नाताळला. कुणी काही म्हटलं का? जायचं की नाही, ते तू ठरवलंस."

आणि त्याने हात झटकले. खरोखरच झटकले, बिस्किटाचा चुरा लागला होता म्हणून.

 ते खरं होतं. वहीत तसं काही नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं की वहीत काय आहे. तिला पळीभर सांगितलं होतं आणि तिने ती काठोकाठ भरून स्वतःच्या पोरीच्या ताटात ओतली होती. त्या दोघांनी प्रार्थना केली, कॉफीचे आभार मानले आणि गेले. हार्लनचा कप तिथेच राहिला. तिला तो विसळावासा वाटेना.

शनिवारी तिने गाडी काढली. सत्त्याहत्तराव्या वर्षी, बर्फाच्या रस्त्यावर, ताशी चाळीस मैलांनी, मागचे ट्रक भोंगे वाजवत असताना. मर्लचा जुना कोट अंगावर होता, कारण तो जास्त उबेचा. पत्ता तिला नाताळच्या पाकिटांवरून पाठ होता.

घर लहानसं, नीटनेटकं. अंगणात कर्टचा पिकअप उभा होता, आणि त्याच्या मागच्या काचेवर स्टॅनर्डचा स्टिकर. आर्लिस त्याच्यापुढे जरा उभी राहिली, मग दार वाजवलं.

रोशेलने दार उघडलं. केस पिकायला लागले होते. 

"कोण गेलं?" रोशेलने विचारलं. आईला दारात बघून तिला दुसरं कारण सुचलं नाही.

"कुणी नाही. मी... आत येऊ का?"

रोशेल बाजूला झाली, पण पायपुसण्यापुरतीच. आर्लिस तिथेच उभी राहिली. वाटेत तासभर जुळवलेलं सगळं डोक्यातून गेलं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"हार्लन म्हणतो, तो नुसता सल्ला होता."

"काय?"

"लग्नाला न जाण्याचा. वहीत नाहीये."

रोशेलला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे हार्लन वीर्स्माने परवानगी दिली म्हणून आलीस?"

"नाही. त्याने काही दिलं नाही. ती सगळी फिरली, रोशेल. स्टॅनर्डला मत दिलं सगळ्यांनी. तीन बायकांच्या माणसाला. मी एकटीच उभी होते. आणि तू पण..." तिने मागे पिकअपकडे हात केला.

"हो, मी पण. आवडतो मला." रोशेल हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "तो कुणाची माफी मागत नाही आणि तरी तुझं अख्खं गाव त्याच्या मागे धावतं. बघायला बरं वाटतं."

"मी चुकले," आर्लिस म्हणाली.

हे शब्द तिने आयुष्यात कुणाला म्हटले असतील तर ते देवाला, तेही सगळ्यांबरोबर, पुस्तकात बघून. रोशेलने दाराची चौकट धरली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडाच होता.

"एकोणीस वर्षं सगळी मंडळी तुझ्या मागे होती, आई, तेव्हा तू आली नाहीस. आता मागे कुणी उरलं नाही, म्हणून माझ्याकडे आलीस. मी त्यांच्यानंतरची आहे. आधीही तशीच होते. शाळेतसुद्धा."

आर्लिसला पळी आठवली. तिला वाटत होतं की ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात आतून एक उंच पोरगी कानातले इअरफोन काढत आली. सतरा वर्षांची, मर्लच्या भुवया.

"आई, कोण गं?"

रोशेलने आईकडे बघितलं. फार वेळ नाही, एक श्वास घेण्याइतका. आर्लिसने तोंड उघडलं नाही. सांगायचा हक्क आता तिचा नव्हता.

"ड्रेंथच्या चर्चमधल्या एक बाई आहेत," रोशेल म्हणाली. "निघाल्यातच."

"हॅलो, मॅडम," पोरगी अदबीने म्हणाली. चांगलं वळण लावलं होतं तिला.

आर्लिसला हाताचं काय करावं कळेना. तो कोटाच्या उजव्या खिशात गेला आणि तळाशी जे लागलं ते घेऊन बाहेर आला. एक पेपरमिंट, कागदाच्या पुडीत, कधीची कोण जाणे. तिने ती पुढे केली.

पोरीचा चेहरा एकदम उजळला. "अय्या, या तर आजोबांच्या गोळ्या! दर महिन्याला खिसा भरून आणायचे, मला मोजू पण द्यायचे नाहीत." तिने गोळी तोंडात टाकली. "तुम्ही ओळखायचात त्यांना?"

एकावन्न वर्षांचा संसार. आर्लिसने रोशेलकडे बघितलं नाही.

"थोडंफार," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरायला कठड्याला धरलं.